कल्याण कुणाचं?

मंत्र्यांचा गुलाबी कागद दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेपरात घडी होऊन यायचा. कुठलं गटार बांधून झालं, कुठल्या गल्लीत दिवे लागले, कुठली पाण्याची टाकी ‘लवकरच’ होणार, सगळं त्यात. तोच कागद मंत्रीमहाशय संध्याकाळी सहाला केबलच्या चॅनेलवर वाचूनही दाखवायचे, चष्मा लावून, एकेक कलम चवीनं. सुंदरच्या घरी त्या कागदाचा उपयोग एकच होता. त्याची बायको विद्युलता तो फडताळात अंथरायची. मद्रासच्या मैलापुरातल्या त्या फ्लॅटमधले मसाल्याचे डबे गेली दोन वर्षं सरकारी प्रगतीवर उभे होते.

या रविवारी मात्र पेपर दारात पडल्याबरोबर घर त्या कागदावर तुटून पडलं. आज त्यात सईबाईंचा हॉल येणार होता.

सईबाई ही सुंदरची मोठी बहीण, घराणं मूळ तंजावरकडचं मराठी. वय अठ्ठावन्न, शाळेतून निवृत्त, लग्न न केलेली. गेली अकरा वर्षं त्या दर शनिवारी मराठीचा वर्ग चालवत होत्या. तंजावरकडच्या मराठी घरांतली पोरं, महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्यांची पोरं, मिळून चौतीस डोकी. निम्म्यांना ‘ळ’ फार छान यायचा आणि ‘झ’ अजिबात यायचा नाही. ज्या शाळेनं वर्गाला खोली दिली होती, तिनं यंदा हात जोडून सांगितलं की जूनपासून जमणार नाही. वर्ग उचलून न्यायचा कुठे, या काळजीनं सईबाईंना अन्न गोड लागत नव्हतं.

त्यांना काही न सांगता अर्ज करून टाकला होता तो विद्युलताच्या थोरल्या भावानं, उमाकांतनं. साताऱ्याला समाजकल्याण खात्यात चौतीस वर्षं नोकरी. बायको गेल्यावर एकटा पडला, म्हणून बहिणीनं दोन वर्षांपूर्वी मद्रासला आणला. इथे भाषा येत नाही, ओळख नाही. सकाळी देवळाच्या तळ्याभोवती पाच फेऱ्या आणि संध्याकाळी पाच, एवढाच उद्योग. पण अर्ज लिहिणं रक्तात होतं. अर्ज गेला, आणि नवल म्हणजे मंजूर झाला. कोपऱ्यावरचं बंद पडलेलं रेशनचं गोदाम सरकारनं दुरुस्त केलं, आत फरशी घातली, पंखे लावले. येत्या शुक्रवारी उद्घाटन होतं.

“वाच, वाच लवकर,” सुंदर म्हणाला. तमिळ त्यालाही वाचता येत होतं, पण चष्मा सापडत नव्हता.

यामिनीनं, त्याच्या मुलीनं, बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. ती पेरुंगुडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि रविवारी नऊच्या आत उठणं हा तिच्या दृष्टीनं त्यागच होता. “नुंगंबाक्कमचा भुयारी मार्ग, पाणी उपसलं. पेरुंगुडीचं गटार, काम चालू. हे तर मी कॉलेजात होते तेव्हापासून चालू आहे. अकरा... बारा! ‘आमच्या मराठी बांधवांसाठी कल्याण मंडपम्. काम पूर्ण.’”

टाळ्या वाजल्या. उमाकांत तर चक्क लाजला.

“थांबा, अजून एक ओळ आहे.” यामिनीचं बोट अडखळलं. तिनं ती ओळ मनाशी दोनदा वाचली आणि मग फार सावकाश मोठ्यानं वाचली. “‘या मंडपातलं पहिलं लग्न शुक्रवारी. वर तिरु उमाकांत, वधू सेल्वी सईबाई. मंत्रीमहोदय स्वतः आशीर्वाद देतील.’”

सुंदरनं तिच्या हातून कागद घेतला आणि उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला कुत्र्यांच्या नसबंदीची आकडेवारी होती.

“सेल्वी म्हणजे काय गं?” उमाकांतनं हळूच विचारलं.

“तिरु म्हणजे श्री, आणि सेल्वी म्हणजे कुमारी,” यामिनी म्हणाली. “तुमच्या पत्रिकेत असतं ना मामा, चि. सौ. कां.? ते.”

सईबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर मुलांच्या वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि पुढची वही घेतली.

*

आपण काय केलं ते उमाकांतला कळायला पाव तास लागला आणि कळल्यावर जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं.

मद्रासला आल्यापासून त्याला या राज्याबद्दल मोठा आदर होता. चौकाचौकात कल्याण मंडप! त्याच्या जिल्ह्यात अख्ख्या तालुक्याला एक समाजकल्याणचं ऑफिस, तेही जिन्याखाली. आणि इथे बघावं तर कल्याणासाठी संगमरवरी इमारती, दारात केळीचे खांब, वर दिव्यांच्या माळा, आत सनईसारखं नादस्वरम्. ‘कल्याण करावं तर यांनी,’ असं तो तळ्याला फेऱ्या मारताना मनाशी म्हणायचा. एवढी माणसं नटूनथटून कल्याण करून घ्यायला येतात, म्हणजे योजनाही चांगल्याच असणार. म्हणून त्यानं अर्जात लिहिलं: मराठी समाजासाठी एक कल्याण मंडप मिळावा.

“अहो अण्णा,” सुंदर कपाळ धरून म्हणाला, “इथें कल्याणम् म्हणजे लग्न! लग्नाचा हॉल मागितला तुम्ही!”

“मला कोण सांगणार? मी दोन वर्षं समजतोय की...” उमाकांतनं वाक्य अर्धं सोडलं. आपण काय समजत होतो ते सांगण्यात काही राम नव्हता.

“ते असू दे. पण नावं कशी आली?” विद्युलतानं विचारलं. “नावं तर कुणी स्वप्नात बघून लिहिली नाहीत ना?”

“फोन आला होता. मंत्र्यांच्या ऑफिसातून. मी म्हटलं, आपण बोलू, दर वेळी तुम्हाला कशाला त्रास.” उमाकांतचा आवाज बारीक होत चालला होता. “तो म्हणाला, कल्याणम् दाने, सार? म्हणजे कल्याणच ना. मी म्हटलं, येस येस, कल्याण. मग म्हणाला, पोन्नु पेरु? आता पेरु म्हणजे नाव, हे मला माहीत आहे. पहिल्या महिन्यात बाजारात पेरू मागताना तेवढी शोभा झाली होती. मला वाटलं, वर्ग कुणाचा ते विचारतोय. म्हटलं, सईबाई.”

“पोन्नु म्हणजे नवरी मुलगी, मामा.”

“मग म्हणाला, माप्पिळ्ळै पेरु? मला वाटलं, अर्जदार. सांगितलं, उमाकांत.”

“माप्पिळ्ळै म्हणजे...”

“कळलं,” उमाकांत म्हणाला. “आता कळलं.”

यामिनीनं उशी तोंडावर दाबून घेतली. उशी हलत होती, त्यावरून ती हसते आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

*

विद्युलताला हसू येत नव्हतं. तीस वर्षांपूर्वी सुंदर बँकेच्या बदलीवर साताऱ्याला आला आणि तिच्याशी लग्न करून मद्रासला परतला, तेव्हा याच घरात ‘साताऱ्याचें माणूस’ म्हणून तिचं कौतुक कमी आणि परीक्षा जास्त झाली होती. त्या परीक्षेत तिला पास करणारी एकच होती, तिची नणंद. आज त्याच नणंदेचं नाव तिच्या भावानं सबंध मैलापुरात छापून आणलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

“वन्सं, मी तुमच्या पाया पडते. हा माणूस साताऱ्यातही असाच होता. आजच्या आज ही नावं काढून टाकू. असलं काही होणं शक्यच नाही.”

“शक्यच नाही,” सुंदर म्हणाला. आणि मग, क्षणभरानं, “म्हणजे कशास शक्य नाही?”

“कशास म्हणजे?”

“नाही, तूं एवढ्या जोरानें म्हणालीस म्हणून विचारतों. माझ्या अक्कांत काय उणें आहे?”

“मी वन्संबद्दल कुठे बोलले? तुम्ही पण आत्ताच शक्यच नाही म्हणालात. माझ्या भावात काय खोट आहे? पेन्शन आहे, दात सगळे स्वतःचे आहेत!”

“खोट आहे म्हणून मीं म्हणालों काय? कल्याणम् आणि कल्याण यांतला भेद कळत नाही, एवढेंच म्हणालों.”

“तेवढा भेद तुम्हालाही लग्नाआधी कळला असता तर मी साताऱ्यातच असते!”

यामिनीनं उशी खाली केली. आईबाबा दोघंही लग्नाच्या विरुद्ध होते हे तिला दिसत होतं. पण विरोध आपल्या बाजूनं झाला तर तो सभ्यपणा आणि समोरच्या बाजूनं झाला तर अपमान, असं काहीतरी दोघांचं चाललं होतं. पाच मिनिटांत बाबा उमाकांतमामाला ‘साधा माणूस, पण मनाचा मोठा’ म्हणायला लागले आणि आई म्हणाली की वन्संसारखी बायको मिळायला अण्णानं सात जन्म तळ्याला फेऱ्या घालायला हव्यात. दोघंही चिडून बोलत होते. आणि दोघंही एकमेकांच्या माणसाची स्तुती करत होते.

“लोक काय म्हणतील?” विद्युलता शेवटी थकून म्हणाली. “साटंलोटं केलं म्हणतील. तेही तीस वर्षांच्या अंतरानं.”

“साटंलोटं म्हणजे?” यामिनीनं विचारलं.

“तुझ्या बाबांनी माझ्या घरची मुलगी आणली. आता त्यांच्या घरची मुलगी माझ्या घरी द्यायची. फिट्टंफाट.”

“छानच की. पण अम्मा, मला एक सांग. खालचा वॉचमन मामाला अण्णा म्हणतो, इस्त्रीवाली अलमेलू अण्णा म्हणते, बाबा म्हणतात, तू म्हणतेस. आत्यानं कधी म्हटलंय?”

विद्युलता विचारात पडली. दोन वर्षांतल्या दुपारी, कॉफ्या, देवळं, बाजार तिच्या डोळ्यांपुढून गेले. या शहरात एखाद्याला अण्णा म्हटलं की तो भाऊ झाला, विषय संपला. सईबाईंनी ते कधीच म्हटलं नव्हतं.

“मग वन्सं काय म्हणतात त्याला?”

“‘अहो,’” यामिनी म्हणाली.

कोपऱ्यातलं लाल पेन थांबलं होतं. उमाकांत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता, जणू त्याला तमिळ वाचता येत होतं.

*

बरोबर साडेअकराला मंत्र्यांचे सचिव शुक्रवारच्या तयारीचं विचारायला आले. हातात पिशवी, कपाळाला गंध, पांढरा शर्ट इस्त्रीनं कडक. सुंदरनं तमिळमध्ये या, बसा म्हटलं.

“मराठींतच बोला हो,” ते चपला काढत म्हणाले. “मी सेतुमाधव राव. आम्हीही तंजावरकडचेच, कुंभकोणमचे. घरांत आईबरोबर बोलतों, बाहेर कोणी भेटत नाही.” आणि मग घरातले चेहरे पाहून, “काय झालें? कोणी आजारी आहे काय?”

सुंदरनं सगळं सांगितलं. सेतुमाधव आधी गंभीरपणे ऐकत होते, माप्पिळ्ळैपर्यंत आल्यावर त्यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ डोळे पुसले.

“आम्हांसही थोडी शंका आली होती,” ते म्हणाले. “वर एकसष्ट वर्षांचा. आम्ही म्हटलें, साठीचें कल्याण असेल, नवराबायको पुन्हा लग्न लावतात तसें. पण मग वधूपुढें सेल्वी! मंत्री म्हणाले, असूं दे, फार चांगलें उदाहरण आहे, मी स्वतः येतों. आज सहाला वाचणार आहेत. वाचलें कीं झालें. मग बदल करणें कठीण. त्यांनीं एकदां वाचलेलें कलम आजवर मागें घेतलेलें नाही.”

“मग सहाच्या आत दुरुस्त करा ना,” विद्युलता म्हणाली. “लग्नाचा हॉल नको. आम्हाला वर्गासाठी जागा हवी होती.”

सेतुमाधवांचं हसू मावळलं. “तें अवघड आहे, अम्मा. मंजुरी कल्याण मंडपम् म्हणून आहे. शुक्रवारीं लग्नानेंच उघडायचा. आणि एकदां लग्नाचा हॉल झाला कीं त्याचें बुकिंग कंत्राटदाराकडे जातें. वर्गाचें त्यांत कोठें लिहिलेलें नाही.”

सईबाईंनी हातातली वही मिटली. सकाळपासून त्या काही बोलल्या नव्हत्या. लग्नाचं ऐकून त्यांना काय वाटलं हे त्यांचं त्यांनाही अजून नीट कळलं नव्हतं. पण हे मात्र लख्ख कळलं. जून, चौतीस मुलं, आणि जागा नाही. दोन महिने त्या रोज त्या गोदामावरून जात होत्या, आत फरशी कुठवर आली ते खिडकीतून पाहत होत्या. फळा कुठल्या भिंतीला, तेही ठरवून झालं होतं.

“आणि हें लग्न झालें तर?” सुंदरनं चाचरत विचारलं. “म्हणजे, मंत्री खूष झाले तर वर्गाचें कांहीं जमेल काय?”

“मंत्री खूष असले कीं पुष्कळ जमतें,” सेतुमाधव म्हणाले.

आता सगळ्यांनी उमाकांतकडे पाहिलं. सकाळी जे अशक्य होतं, ते अकरा चाळीसला सोयीचं होऊ लागलं होतं.

“नाही,” उमाकांत म्हणाला. इतका वेळ अंग चोरून बसलेला माणूस ताठ झाला होता. “चूक माझी आहे, ती मी निस्तरीन. मंत्र्यांकडे जाईन, पाय धरीन. पण खोलीच्या बदल्यात लग्न नको. सईबाई म्हणजे काय सरकारी अटीची पूर्तता आहे?”

ते ऐकून सईबाईंना एकदम बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डोकं चालायला लागलं.

“सेतुमाधव,” त्यांनी विचारलं, “कंत्राटदार बुकिंग कोणत्या दिवशीं घेतो?”

“मुहूर्त असेल त्या दिवशीं. तै महिना, मासी महिना...”

“महिने राहूं देत. वार सांगा. शनिवारीं?”

सेतुमाधवांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. “शनिवारीं लग्न कोण करील, अम्मा? मंगळवार, शनिवार अशुभ, हॉल रिकामेच असतात. फुकट दिला तरी कोणी घेत नाही.”

“आमचा वर्ग शनिवारीं असतो,” सईबाई म्हणाल्या. “अकरा वर्षें शनिवारींच. लिहा. ‘शनिवारीं मंडपांत मराठी वर्ग.’ मंत्र्यांसही बरें. मुहूर्त नसतां हॉल चालवून दाखविला म्हणून वाचतां येईल.”

सगळे एकदम बोलायला लागले. सेतुमाधवांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि गुलाबी कागदाच्या समासात भराभर लिहिलं. त्यांना स्वतःलाच एवढा आनंद झाला होता की लिहिताना ते तमिळमध्ये पुटपुटत होते. “मंत्र्यांस हें फार आवडेल. सहा वाजतां ऐका तुम्ही.”

“आणि शुक्रवारचं लग्न?” यामिनीनं विचारलं.

“तें सोपें. गरिबांच्या मोफत लग्नांची यादी आहे आमच्यापाशीं. त्यांतलें एक जोडपें आणतां येईल. तुमचा हॉल गेला नाही, कोणावर सक्ती नाही.” त्यांनी पेन्सिलीचं टोक बाराव्या कलमाच्या दुसऱ्या ओळीवर ठेवलं. “मग हीं दोन नांवें खोडूं?”

“खोडा,” उमाकांत घाईनं म्हणाला. “आधी खोडा. उगाच त्यांची बदनामी नको.”

“खोडाच,” विद्युलता म्हणाली, पण जरा उशिरा.

“सरी, बरें, खोडा,” सुंदर म्हणाला, त्याहूनही उशिरा.

“थांबा,” सईबाई म्हणाल्या.

त्यांनी वह्यांचा गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला. आवाज वर्गात असतो तेवढाच होता, फार मोठा नाही, पण मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

“सकाळपासून माझ्या लग्नाविषयीं या घरांत सगळे बोलले. शक्य नाही म्हणून बोलले, शक्य आहे म्हणून बोलले. मज कोणी विचारलें नाही. आज नाही, आणि आधींही नाही. अप्पा गेले तेव्हां सुंदर शाळेंत होता. घर चालवायचें होतें, म्हणून ती लग्न करणार नाही, असें सगळ्यांनीं ठरवून टाकलें. कोणी वाईट नव्हतें रे, सुंदर, तूं डोळे पुसूं नकोस. पण तेव्हांपासून माझ्या वतीनें सगळ्यांनीं ‘नाही’च सांगितलें. आज पहिल्यांदा कोणीं ‘हो’ सांगितलें, तर तें सरकारनें. तेंही चुकून.”

बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. त्यांनी ते लपवले नाहीत.

सेतुमाधवांची पेन्सिल कागदापासून वीतभर वर थांबली होती. विद्युलतानं भावाकडे असं काही पाहिलं, की चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबानंही त्याच्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

उमाकांत उठून उभा राहिला. का उभा राहिला ते त्याला ठाऊक नव्हतं. बसून बोलण्यासारखं हे नव्हतं, एवढंच.

“मग आता विचारतो,” तो म्हणाला. घसा खाकरला. “करायचंय का?”

सईबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“काय करायचें आहे, कोणाशीं करायचें आहे? कर्ता नाही, कर्म नाही. पूर्ण वाक्यांत विचारा.”

यामिनीनं पुन्हा उशी घेतली. उमाकांतनं दोन्ही हात मागे बांधले. चौथीतल्या मुलानं फळ्याजवळ उभं राहावं तसा तो उभा होता, आणि कान लाल झाले होते.

“सईबाई,” तो म्हणाला, “तुम्हाला माझ्याशी लग्न करायचं आहे का?”

“होय,” सईबाई म्हणाल्या. “मज तुमच्याशीं लग्न करायचें आहे.”